दोन सूर्यास्तांमधला संसार

धाराशिव तालुक्यातील येडशी हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर, बालाघाटच्या कुशीत वसलेले आहे. गावाजवळच्या घाटात रामलिंगाचे देवालय आहे, त्याच्या सभोवार अभयारण्याची झाडी आहे आणि पावसाळ्यात वाहू लागणारा धबधबा आहे. याच जिल्ह्यातील भूम तालुक्यात कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींच्या निर्वाणाने ते पावन झाले आणि 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखना घेतली. अशा परिसरात वाढलेला तरुण अथवा तरुणी नोकरीच्या निमित्ताने युरोपात जाते, तेव्हा सामानाच्या पेटीत मावणार नाही असे बरेच काही तिच्याबरोबर जात असते.

या मुलुखाला परदेश अपरिचित नाही. येडशीपासून जवळच तेर आहे. प्राचीन काळी त्याचे नाव तगर होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक नावाड्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरवर्णनात तगराचा उल्लेख येतो. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून पश्चिमेकडे. पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती तेरला मिळाली आहे. पुढे 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शीची अरुंद रुळांची रेल्वे सुरू केली आणि 1911 पर्यंत ती लातूरला पोहोचली. त्या काळी माल जात होता आणि माणसे येत होती. आता माणसेच जातात, तीही संसार थाटण्यासाठी.

अशा एका दांपत्याचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. हे चित्र कोणा एका घरचे नव्हे. येडशीचा मुलगा, बार्शीकडची सून, पतीला बर्लिनमध्ये संगणक क्षेत्रातील नोकरी आणि पत्नीच्या हाती औषधनिर्माणशास्त्राची पदवी, एवढे गृहीत धरले की बाकीचे तेथील नियम आणि तेथील सूर्य ठरवून देतो.

घर मिळण्यापूर्वीचे घर

जर्मनीत पाऊल ठेवल्यावर पहिली गरज असते ती पत्त्याची. राहते घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. बँक, करक्रमांक, विमा या सर्वांची पुढची दारे या एका कागदाने उघडतात. म्हणून नवे दांपत्य प्रथम महिना-दोन महिन्यांसाठी सजवलेले घर घेते आणि तेथे बसून खऱ्या घराचा शोध करते.

खरे घर मिळाले की दुसरे आश्चर्य वाट पाहत असते. अनेक भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर नसते. खोली असते, नळाची जोडणी असते, परंतु ओटा, शेगडी, कपाटे, भांडी धुण्याचे कुंड यांपैकी काहीच नसते. आधीचा भाडेकरू ते सोडवून आपल्याबरोबर घेऊन गेलेला असतो. ओटा ही वास्तूची अचल गोष्ट आहे, असे मानत आलेल्या मराठी गृहिणीला ही कल्पनाच पचत नाही. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते, मात्र ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला अधिकार आहे. हे ठाऊक असलेल्यांना पहिल्या महिन्यात ओटा विकत घेणे थोडे सुकर होते.

घर सोडतानाही तीन महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. एका नगरातून दुसऱ्या नगरात जायचे तर ओटा उतरवायचा, करारात असेल तर भिंती रंगवून द्यायच्या आणि नव्या नगरात पुन्हा नोंदणी करायची. संसार उचलून नेणे हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः खरा ठरतो.

पाकिटावरची बारीक अक्षरे

भारतात खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहिला की मन निश्चिंत होते. युरोपीय संघात असे सक्तीचे चिन्ह नाही. पिवळ्या रंगातील 'व्ही' हे शाकाहाराचे चिन्ह काही पाकिटांवर असते, पण ते लावणे उत्पादकाच्या इच्छेवर आहे. कायद्याने 14 ॲलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात. त्यांत अंडे येते, त्यामुळे अंडे चटकन दिसते. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन मात्र ठळक छापण्याचे बंधन नाही. ते रबरासारख्या गोळ्यांत, कधी दह्याच्या गोड प्रकारांतही दडलेले असते. ई 120 हा लाल रंग किड्यांपासून मिळतो आणि ई 904 म्हणजे लाख.

चीजची गोष्ट अधिक अवघड आहे. दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरण्याची परंपरा तेथे आहे. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो या प्रसिद्ध चीजमध्ये तर तेच वापरावे लागते. शिवाय चीज बनवण्यास आवश्यक असणारी विकरे घटकांच्या यादीत लिहिण्यापासून सूट आहे. म्हणजे यादीत नाव नाही, यावरून पदार्थ निर्दोष ठरत नाही. अशा वेळी शाकाहाराचे चिन्ह पाहणे अथवा उत्पादकाला पत्राने विचारणे, हेच मार्ग उरतात. दांपत्य जर्मन भाषेचे पहिले शब्द पाठ्यपुस्तकातून शिकत नाही. 'आय' म्हणजे अंडे, 'श्माल्त्स' म्हणजे चरबी, 'लाब' म्हणजे रेनेट, 'त्स्वीबेल' म्हणजे कांदा, असे शब्द ते दुकानाच्या फळीपुढे उभे राहून शिकते.

कंदमुळे वर्ज्य असतील तर हिवाळ्याचा बाजार रिकामा वाटू लागतो. बटाटा, गाजर, बीट, कांदा हेच त्या ऋतूचे अन्न. तेव्हा डाळी, भोपळा, झुकिनी, घेवडा आणि गोठवलेले मटार यांवर भिस्त ठेवावी लागते. ज्वारीचे पीठ आशियाई दुकानांत मिळते, परंतु काचेच्या सपाट विजेच्या शेगडीवर ज्वाळा नसते. तव्यावरची भाकरी उतरवून फुगवायची कशावर? त्यावर बारीक जाळी ठेवून केलेली भाकरी येडशीच्या चुलीवरच्या भाकरीची बरोबरी करत नाही, पण पोट भरते आणि डोळेही भरतात.

पाणी गाळण्याची सवय मात्र तेथे अनपेक्षित उपयोगी पडते. बर्लिनचे नळाचे पाणी जड आहे आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाणी स्वच्छ आहे हे ठाऊक असूनही नळाला बांधलेले वस्त्र पत्नी काढत नाही. शेजारीण त्याचे कारण विचारते, तेव्हा तिला पंधरा दिवसांत शिकलेल्या जर्मनमध्ये अहिंसेचा अर्थ सांगावा लागतो. शब्द अपुरे पडतात, पण वस्त्र पाहून तिला अर्थ कळतो.

मावळणारा आणि न मावळणारा दिवस

येडशीत वर्षातला सर्वांत उशिराचा आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त यांत तासाभराहून थोडेच अधिक अंतर आहे. जूनच्या अखेरीस सूर्य सायंकाळी सातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात सहाच्या थोडा आधी. म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवण हा नियम तेथे घड्याळाकडे न पाहता पाळता येतो. बर्लिनमध्ये 21 जूनला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि 21 डिसेंबरला दुपारी चारच्या आधीच. अंतर साडेपाच तासांहून अधिक. आणखी उत्तरेला, नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे, उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात सुमारे दोन महिने उगवत नाही.

डिसेंबरात पती कार्यालयातच असतो. दुसरा डबा तो साडेतीनला, सहकाऱ्यांच्या कॉफीच्या वेळी उघडतो. पत्नी भाषावर्गात असते आणि तिचा डबा ती मधल्या सुट्टीत खाते. घरी परतल्यावर दोघांपुढे ताट नसते. दिवसभरात एकमेकांसमोर बसून जेवण्याची वेळच उरत नाही. नियम पाळला जातो, पण त्या नियमाने येडशीत घर एकत्र आणले होते आणि येथे तेच घर तो दोन डब्यांत वाटून टाकतो. ही खंत बाहेरच्या माणसाला समजत नाही.

तोडगा घड्याळानेच दिला आहे. हिवाळ्यात भारताचे घड्याळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते. येडशीतील सायंकाळचे पावणेसहा म्हणजे बर्लिनमधील दुपारचा सव्वा. आई जेव्हा सूर्यास्तापूर्वीचे ताट वाढते, तेव्हा मुलाची दुपारच्या जेवणाची सुट्टी असते. भ्रमणध्वनी पाण्याच्या पेल्याला टेकवून ठेवला की एक पंगत पूर्ण होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुढे सरकतात, अंतर साडेतीन तासांचे होते, येडशीचा सूर्यही उशिरा मावळू लागतो, आणि ही पंगत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मोडते.

तिचा प्रश्न

पतीला मिळालेल्या 'ब्ल्यू कार्ड' या परवान्यामुळे पत्नीला जर्मनीत पोहोचताच नोकरी करण्याची मुभा असते. परंतु मुभा आणि नोकरी यांत अंतर आहे. औषधनिर्माता, वैद्य, परिचारिका हे तेथील नियंत्रित व्यवसाय होत. पदवीला मान्यता मिळवावी लागते, वरच्या पातळीची जर्मन भाषा यावी लागते. पतीचा पहिला पगार पहिल्या महिन्यात येतो, तर तिची पदवी कधी कधी दोन-तीन वर्षे कागदांच्या धारिकेत पडून राहते. या काळात ती 'घरी बसली आहे' असे गावाकडच्या दूरध्वनीवर म्हटले जाते. प्रत्यक्षात ती घराबाहेर पडून एक संपूर्ण भाषा शिकत असते. हे वाक्य सासरच्यांनी एकदा उलट करून पाहिले, तर त्या दूरध्वनीनंतर तिच्या डोळ्यांत येणारे पाणी कदाचित थांबेल.

जमीन, पारपत्र आणि नव्वद दिवस

कायमच्या वास्तव्याचा परवाना ब्ल्यू कार्डधारकाला 27 महिन्यांनी आणि भाषा बऱ्यापैकी येत असल्यास 21 महिन्यांनी मागता येतो. जर्मनीने 2024 साली दुहेरी नागरिकत्वाला मान्यता दिली, परंतु भारत ती देत नाही. जर्मन पारपत्र घेतले की भारतीय पारपत्र परत करावे लागते आणि मग परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआयचे, कार्ड घेता येते. ते घेऊन येडशीला कितीही वेळा येता येते. मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय पारपत्रधारकालाही शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारसाने आलेली राखता येते. म्हणून वडील बांधावर उभे राहून "शेजारचे दोन एकर घ्यायचे का?" असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न केवळ पैशाचा नसतो. मुलगा परत येणार आहे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे असते.

आई-वडिलांना भेटीच्या शेंगेन परवान्यावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येते. कोणते नव्वद, हा कुटुंबाचा वर्षातला मोठा निर्णय. चातुर्मासात प्रवास नको आणि दशलक्षण पर्वात आपले मंदिर सोडवत नाही. हिवाळ्याचा गारठा सोसवत नाही. मग एप्रिल ते जून उरतात, आणि तेव्हा बर्लिनचा दिवस संपता संपत नाही.

युरोपात मंदिरे नाहीत असे नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथे एका जुन्या चर्चच्या वास्तूत 1988 साली प्रतिष्ठा झाली. तेथे श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही उपासनास्थाने एका छपराखाली आहेत. बेल्जियममधील अँटवर्पजवळ विल्रेक येथे हिरे व्यापाऱ्यांच्या समाजाने भव्य मंदिर उभारले आहे. विद्वत्तेच्या बाजूने पाहिले तर जर्मनी परकी नाही. बॉन येथील हेर्मान याकोबी यांनी जैन आगमांचे इंग्रजी अनुवाद 1884 आणि 1895 साली प्रसिद्ध केले आणि बर्लिनच्या राजग्रंथालयात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमला. तरी बर्लिनहून अँटवर्पचे दर्शन हा सणासुदीचा प्रवास आहे. रोजचे मंदिर म्हणजे कपाटावरील एक फळी, त्यावरचा ग्रंथ आणि सकाळची सामायिकाची घटिका.

जूनमध्ये आई तेथे असते, तेव्हा सातच्या ठोक्याला ती आपले ताट पुसून ठेवते. बाहेर लख्ख ऊन असते. सूर्यास्ताला अजून अडीच तास आहेत, असे सून सांगते. आई हसून म्हणते, "तुमचा नसेल मावळला. येडशीचा मावळला." मुलगा-सून आठ वाजता जेवतात, नियम त्यांचाही मोडत नाही, आणि त्या वेळी आई त्यांच्यासमोर रिकाम्या हातांनी बसून राहते. वर्षभर जी पंगत काचेतून झाली, ती त्या नव्वद दिवसांत समोरासमोर होते, मग भले जेवणाच्या वेळा वेगळ्या असोत.

नव्वदावा दिवस प्रवेशाच्या तारखेवरून मोजला जातो. विमानतळावरून परतताना सून ओट्यावरची जाळी धुऊन ठेवते आणि पती दिनदर्शिकेत ऑक्टोबरचा शेवटचा रविवार शोधतो. त्या दिवशी घड्याळे मागे येतील. मग येडशीचे ताट आणि बर्लिनचा डबा पुन्हा जवळ जवळ एका वेळी उघडतील. शेजारच्या दोन एकरांचे उत्तर अजून द्यायचे आहे. पण निदान ते आता जेवता जेवता बोलता येईल.