फाइल शाबूत, अक्षरं गायब!

पावसमधल्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली गिऱ्हाइकांची यादी असते. खारी, दमट हवा यंत्राला मानवत नाही, म्हणून पावसाळ्याआधी सगळ्या फाइली एक्स्टर्नल ड्राइव्हवर घेतल्या जातात. नव्या लॅपटॉपवर यादी उघडते खरी, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडली का? नाही.

कॉम्प्युटर अक्षरं नव्हे, क्रमांक साठवतो. इंग्रजी कॅपिटल 'ए'चा क्रमांक 65. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजीच्याच क्रमांकांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असत. चाळीतल्या खोल्यांसारखंच हे: नंबर तोच, पण चाळ बदलली की बिऱ्हाड वेगळं. कुठल्या क्रमांकावर कुठला आकार, हे त्या फॉन्टलाच ठाऊक, आणि नव्या लॅपटॉपवर तो नाही.

हा फॉन्ट आपल्या कागदपत्रांत नसतो. तो विंडोजच्या फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स'मध्ये असतो. बॅकअपमध्ये तोही हवा. मात्र अख्खं विंडोज फोल्डर कॉपी करून तो कॉम्प्युटर पुन्हा उभा राहत नाही. विंडोज चालू असताना काही फाइली कुलूपबंद असतात आणि यंत्र सुरू करणारी माहिती डिस्कवर त्या फोल्डरबाहेर असते. त्यासाठी पूर्ण डिस्कची 'इमेज', म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यावी लागते.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवणं. तिथे 'क'चा क्रमांक 2325, मग यंत्र कुठलंही असो. मूळ फाइल मात्र पुसू नका. रूपांतरात जोडाक्षरं कधी कधी चुकतात, तेव्हा पडताळायला तीच लागते.