नदीचा पूर आणि नैयायिकाचें अनुमान

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच अध्यायांत एक नदी भेटते. पाणी पूर्वीहून निराळें, पात्र तुडुंब, ओघ वेगवान. यावरून वर पाऊस झाला असें जाणावें, हें वात्स्यायनाचें उदाहरण. दुसऱ्या अध्यायांत पूर्वपक्षी हटकतो कीं, खालीं अडविल्यानेंही पाणी चढतें! उत्तर मार्मिक आहे: नुसतें चढणें पाहूं नये, वेग, फेस, वाहून येणारीं पानें, फळें, लांकडें हीं सर्व एकत्र पाहावीं. (अलमट्टीच्या फुगवट्याचा आजचा वाद म्हणजे त्या पूर्वपक्ष्याचाच आक्षेप होय.)

हें आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविलें. आचरिलें मात्र नाहीं. 2019 च्या ऑगस्टांत सांगलीच्या घरीं आम्हीं ठामपणें सांगितलें कीं, 2005 सालीं पाणी दुसऱ्या पायरीवरून फिरलें, यंदाही तेथेंच थांबेल. साताऱ्याहून धाकटे बंधू रोज कळवीत होते: महाबळेश्वरीं पाऊस खळत नाहीं, कोयनेचे दरवाजे उघडले, कऱ्हाडास संगमावर पाणी चढलें. आम्हीं प्रत्येक वार्ता सुटी ऐकली. वहिनींनीं त्या दिनदर्शिकेवर वेळेसह टिपल्या, आणि त्याच दुपारीं मुलांना व मातोश्रींना मिरजेस हलविलें. आयर्विन पुलापाशीं 45 फूट ही धोक्याची पातळी. पाणी 57 फुटांपलीकडे गेलें. माणसें वांचलीं, आमचे ग्रंथ बुडाले.

संगणकशास्त्रज्ञ हेंच टिपण सूत्रबद्ध करितात. 1986 सालीं कोवाल्स्की व सर्गॉट यांनीं मांडलेल्या घटना-कलनांत एक घटना स्थिति सुरू करिते, दुसरी ती संपविते; मधल्या काळांत ती चालूच धरावयाची. दरवाजे उघडल्याची वार्ता आम्हांस शिळी वाटली; विसर्ग मात्र रात्रभर चालूच होता. मग वर्तनाचें लक्षण बांधतात: अमुक घडलें, ठराविक तासांत तमुक घडलें, आणि मध्यें दरवाजे बंद झाले नाहींत, तर पूर ओळखावा. यांत 'न घडलेलें' ओळखणें सर्वांत कठीण, कारण अभावाची वार्ता कोणी आणीत नाहीं. मुदत सरेपर्यंत थांबावें लागतें. शिवाय कऱ्हाडची वार्ता कोयनेच्या आधीं कानीं आली, तर क्रम उलटतो. म्हणून ऐकल्याची नव्हे, घडल्याची वेळ लिहावी लागते.

आतां आषाढ लागला कीं बंधूंचा फोन प्रथम वहिनींस येतो. दरवाजे उघडल्याचें कळतांच त्या विचारतात, "भाऊजी, किती वाजतां?"