ब्लेचली पार्क : मौन पाळणाऱ्यांचा कारखाना

कसे जायचे
लंडनच्या युस्टन स्थानकातून ब्लेचलीला थेट गाडी मिळते. प्रवास तासाभराच्या आत होतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारे हे ब्रिटिश केंद्र आता संग्रहालय आहे, आणि स्थानकातून ते चालत काही मिनिटांवर आहे. तळ्याकाठचा जुना बंगला आणि भोवतालच्या बराकी नीट पाहायच्या तर अख्खा दिवस हाताशी ठेवा.

आधी एनिग्मा पाहा
एनिग्मा हे जर्मनांचे संकेतयंत्र. दिसायला टाइपरायटर, पण कळ दाबली की दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो. प्रत्येक कळीबरोबर आतले चक्र फिरते, म्हणून एकच अक्षर तीनदा दाबले तरी उत्तर बदलत राहते. जर्मन लष्कराच्या यंत्राच्या शक्य जुळण्या मोजल्या, तर १५९ वर १८ शून्ये द्यावी लागतात.

मात्र यंत्रात एक खोट होती. कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात उमटत नसे. संदेशात ‘हवामान’ यासारखा ठरावीक जर्मन शब्द असणार असा अंदाज बांधायचा आणि तो सांकेतिक मजकुराखाली सरकवत न्यायचा. वरखाली एकच अक्षर आले की ती जागा बाद. उरलेल्या जागेवरून गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांच्या ‘बॉम्ब’ यंत्रांनी त्या दिवसाची जुळणी शोधली.

एनिग्मा फोडण्याचा पाया पोलंडने घातला होता. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की या गणितज्ञांचे काम जुलै १९३९ मध्ये वॉर्सोजवळ ब्रिटिशांच्या हाती सोपवण्यात आले. आवारातल्या त्यांच्या स्मारकापाशी क्षणभर थांबाच.

बराकींतून फिरताना
इथल्या लाकडी बराकींना ‘हट’ म्हणतात. हट ६ मध्ये भूदल आणि हवाई दलाचे संदेश उलगडायचे, शेजारच्या हट ३ मध्ये त्यांचे भाषांतर व्हायचे. दोन्हींमध्ये एक छोटा लाकडी बोगदा होता. कागदांचा ट्रे त्यात ठेवून झाडूच्या दांड्याने पलीकडे ढकलत. हट ८ मध्ये जर्मन नौदलाच्या संदेशांवर काम चाले. ट्युरिंगची खोली तिथेच आहे.

त्याच आवारात, पण वेगळ्या तिकिटावर, राष्ट्रीय संगणक संग्रहालय आहे. टॉमी फ्लॉवर्स यांच्या १९४४ च्या ‘कोलोसस’ संगणकाची चालती प्रतिकृती तिथे पाहता येते. मूळ यंत्र एनिग्मासाठी नव्हे, तर त्याहून अवघड ‘लोरेंझ’ संकेतासाठी बांधलेले होते. उघडण्याचे दिवस आधी तपासून जा.

बाहेर पडताना
१९४५ च्या सुमारास इथे जवळपास ९,००० माणसे काम करत होती आणि त्यांत चारांतल्या तिघी स्त्रिया होत्या. पाळ्यांमध्ये रात्रंदिवस यंत्रे चालवायची, कागद लावायचे, आणि शेजारच्या खोलीत काय चालते ते विचारायचे नाही. हे गुपित १९७४ पर्यंत जगापुढे आले नाही. तोवर अनेकींचे आईवडील जग सोडून गेले होते. आपल्या लेकीने युद्धात काय केले, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.