मातीवरची उधारी

अजिंठ्याला जपानी पर्यटक घेऊन जाणाऱ्या माझ्या एका मित्राच्या संभाजीनगरातल्या घरी, फडताळात एक तपकिरी बाटली आहे. गळा अरुंद, पोट गोल, वर चकचकीत झिलई आणि पोटावर काळ्या रंगात फटकाऱ्यांनी लिहिलेली चार अक्षरं. एका पाहुण्यानं दिलेली भेट. वहिनींनी बरेच दिवस तिच्यात गोडं तेल ठेवलं होतं. पुढे कुणीतरी अक्षरं वाचून दाखवली. कवितेची ओळ वगैरे काही नव्हती. दारूच्या दुकानाचं नाव होतं!

जपानीत हिला तोक्कुरी म्हणतात. साके ही तांदळाची दारू. लहान तोक्कुरी गरम पाण्यात उभी करून साके ऊन करायची आणि चिमुकल्या पेल्यांतून एकमेकांना वाढायची; आपला पेला आपण भरायचा नाही, असा रिवाज. मोठी तोक्कुरी मात्र दुकानाची. एदो काळात आणि १८६८ नंतरच्या मेइजी काळातही दुकानदार ती गिऱ्हाइकाला वापरायला देत. रिकामी झाली की आणायची, भरून न्यायची. उधारी चुकती करायची ती बहुधा वर्षातून दोनदा, बोनच्या सणाला आणि वर्षअखेरीस. तिचं एक नावच 'बिन्बो-दोक्कुरी', म्हणजे गरिबाची तोक्कुरी.

उभा जन्म बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला याची गंमत वाटली. तारण नाही, जामीनदार नाही. उलट धनकोच आपलं भांडं ऋणकोच्या घरी ठेवतो!

आमच्याकडे उलटं घडलं होतं. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईचा हंडा, घागर, परात, एकेक करून सावकाराकडे गेलं. शेवटी वडील लोणच्याची बरणी घेऊन गेले. तीही तोक्कुरीच्याच जातीची. साधारण १२०० अंशांवर भाजलेली ही माती दगडासारखी होते; पाणी झिरपत नाही, मीठ आणि आंबट तिला खात नाही. सावकार हसून म्हणाला, "मातीवर कोण पैसे देतं?"

वडील बरणी घेऊन परत आले. त्या वर्षी तिच्यात कैरी पडली नाही. तरी आईनं ती धुऊन, उन्हं दाखवून, दादरा बांधून फळीवर ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी ती मागून नेली आणि परत केली ती निम्मी भरून. "रिकामं भांडं कसं द्यायचं?" एवढंच बोलल्या.

पुढे बँकेत मी कितीतरी अर्जांवर 'तारण अपुरे' असा शेरा मारला. नियम चुकीचा नव्हता. पैसा ठेवीदारांचा होता. पण शेरा लिहिताना कधीकधी ती बरणी आठवायची आणि पेन क्षणभर थांबायचं.

काचेच्या बाटल्या आल्या आणि दुकानाच्या तोक्कुरी मागे पडल्या. आता त्या जुन्या बाजारात वस्तू म्हणून विकल्या जातात. आमची बरणी अजून कामावर आहे. काठाचा टवका उडालाय. दर मे महिन्यात ती भरते आणि पहिली वाटी काकूंच्या सुनेकडे जाते.