सॉलिड स्टेट ड्राइव्ह, छायाचित्र-संपादनातील

हलणारे भाग नसलेले व अर्धसंवाहक स्मृतीत माहिती साठविणारे संगणकाचे साधन. त्यातील फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विकसित केली. आज सर्वत्र वापरात असलेला तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला.

हार्ड डिस्कमध्ये माहिती फिरत्या चुंबकीय तबकडीवर असते. वाचक-शीर्ष योग्य मार्गावर न्यावे लागते व हवा तो भाग त्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीत केवळ या थांबण्यात सरासरी सु. ४ मिलिसेकंद व शीर्षाच्या हालचालीसह सु. १२ मिलिसेकंद जातात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये हा काळ सु. ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असतो. लाइटरूमची सूची व पूर्वदृश्ये म्हणजे असंख्य लहान नोंदी असल्याने खरा लाभ येथे होतो. मुख्य स्मृती अपुरी पडल्यास फोटोशॉप ज्या जागेचा आधार घेते, ती स्क्रॅच डिस्कही या ड्राइव्हवर असावी. मात्र कच्च्या प्रतिमेचे संस्करण किंवा अंतिम प्रती काढणे ही कामे मुख्यतः प्रोसेसरवर अवलंबून असतात. ड्राइव्ह बदलून त्यांचा वेग फारसा वाढत नाही. स्मृती तोकडी असल्यास आधी ती वाढविणे श्रेयस्कर.

फ्लॅश स्मृतीत माहिती विद्युत्‌ भाराच्या रूपाने राहते. हा भार हळूहळू गळतो व उष्णतेने गळती वाढते. लेखनमर्यादा गाठलेल्या सर्वसाधारण ड्राइव्हने वीजपुरवठ्याविना ३०° से. तापमानास एक वर्ष माहिती टिकवावी, असा जेईडीईसी या मानक संस्थेचा निकष आहे. नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४५° से.च्या वर जातो. त्यामुळे धरमपेठेतील एखाद्या स्टुडिओने लग्नसमारंभांची हजारो चित्रे जुन्या, झिजलेल्या ड्राइव्हवर घालून तो बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवणे धोक्याचे ठरते. अतितापलेला ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करतो, ही बाब त्यामानाने किरकोळ होय.

पुसलेले चित्र परत मिळविणेही येथे दुरापास्त असते. ट्रिम या आज्ञेने मोकळे ठरलेले कप्पे ड्राइव्ह स्वतःहून रिकामे करतो, तर हार्ड डिस्कवर नवे लेखन होईपर्यंत जुनी माहिती बहुधा तशीच राहते. म्हणून चालू काम सॉलिड स्टेट ड्राइव्हवर व पूर्ण झालेल्या कामाच्या दोन प्रती स्वतंत्र हार्ड डिस्कांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या जागी, ठेवतात.