सहा घरांचे चक्र आणि मापातली दारू

१९२५ चा ४ जुलै. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी एल्मर कीथ हा तरुण गुराखी आपल्या कोल्ट .४५ रिव्हॉल्व्हरमधून आनंदाचे बार काढत होता. काडतुसे त्याने स्वतः भरलेली, गोळ्या नेहमीपेक्षा जड. एका बाराला चक्राची, म्हणजे काडतुसे धरणाऱ्या फिरत्या भागाची, तीन घरे वरच्या बाजूने फुटली आणि त्यांच्यावरची पोलादी पट्टीही उडाली. कीथ वाचला आणि कारणाच्या मागे लागला.

बार होतो तेव्हा मोठा दाब घराच्या भिंतींवर येतो. एकाच आकाराच्या चक्रात .४५ ची रुंद घरे कोरली की भिंती पातळ राहतात; .४४ साठी थोडे अधिक पोलाद उरते. म्हणून कीथ .४४ स्पेशलकडे वळला. स्मिथ अँड वेसनचे हे काडतूस कारखान्यातून फार सौम्य भरून येई: २४६ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ७५० फूट. (एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम.) कीथने सुमारे २५० ग्रेनची, रुंद सपाट नाकाची गोळी आखली. कागदी लक्ष्यावर ती कातरल्यासारखे गोल भोक पाडते. तिच्या साच्याचा ४२९४२१ हा क्रमांक शिशाच्या गोळ्या ओतणाऱ्यांच्या ओठांवर आजही आहे.

पुढची तीन दशके कीथ अधिक जोरकस .४४ साठी लेखांतून कंपन्यांच्या मागे लागला होता. अखेर १९५५-५६ मध्ये रेमिंग्टनचे काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर मिळून .४४ मॅग्नम अवतरले. त्याची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारी पितळी नळी, मुद्दाम .४४ स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंच जास्त लांब ठेवली, म्हणजे हे जोरकस काडतूस त्याच्या जुन्या हत्यारात शिरूच नये. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटाने ते घरोघरी पोचवले, ते मात्र केवळ ताकदीचे प्रतीक म्हणून.

नेमबाजाचे सुख निराळे आहे आणि ते काडतुसे स्वतः भरण्याच्या टेबलावर सुरू होते. झाडलेली पितळी पुंगळी प्रेसमधल्या डायमधून काढली की पुन्हा मापात येते, जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, निघतो. तोंड किंचित फाकवायचे, नवा प्रायमर बसवायचा, तोललेली दारू ओतायची, गोळी बसवायची, आणि शेवटी पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत वळवायची. मोठ्या बोअरमध्ये, म्हणजे .४४-.४५ सारख्या रुंद नळीत, ही शेवटची क्रिया फार मोलाची. धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे येते, तेव्हा न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जागीच राहू पाहतात. कड सैल असेल तर त्या पुढे सरकतात आणि चक्र अडते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड धरून पाहायचे, कारण मोठ्या पुंगळीत दारूचे दुहेरी माप सहज लपते. छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात, हा इथला पहिला नियम.

आपल्याकडे नेमबाज राही सरनोबतमुळे २५ मीटर पिस्तूल ही स्पर्धा ओळखीची झाली. त्यातले .२२ चे काडतूस रिमफायर असते, म्हणजे पेटवणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो; एकदा झाडले की संपले, पुन्हा भरता येत नाही. शिवाय भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ही कला आपल्याला दुरूनच समजून घ्यावी लागते.

समजून घेण्यासारखे तिच्यात पुष्कळ आहे. पूर्ण भरलेले मॅग्नम मनगटाला झिणझिण्या आणते. दहा-वीस बारांनंतर हात आधीच दचकू लागतो आणि नेम ढळतो. म्हणून अनेक जण मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशलच्या बेताचा सौम्य भार भरतात आणि दुपारभर मजेत नेम साधतात. धातूच्या आकृत्यांच्या स्पर्धेत मात्र हिशेब बदलतो. ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की, २०० वर मेंढा. आकृतीला गोळी लागून भागत नाही, ती आडवी पडावी लागते. तिथे वजनदार गोळीचा रेटा हवाच, आणि प्रत्येक बार आधीच्यासारखा निघेल इतके काटेकोर मापही.

हाताने भरणाऱ्याला हे दोन्ही टोकांचे स्वातंत्र्य मिळते, म्हणून तो या कामात इतका रमतो. हत्यार तेच, ताकद किती ते तो ठरवतो, आणि प्रत्येक बाराची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या तराजूवर असते. मोठ्या बोअरने नेमबाजाला दिलेली सर्वांत मोठी देणगी, माझ्या मते, ही जबाबदारीच आहे.