कोथिंबीर

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील या भागात कापूस, ऊस व मोसंबी ही मोठी पिके होतात. परंतु रोजच्या जेवणाला रुची येते ती एका लहानशा वाफ्यातील पिकामुळे. ते पीक म्हणजे कोथिंबीर.

संस्कृतात हिला ‘कुस्तुंबरी’ म्हणत. त्यावरूनच ‘कोथिंबीर’ हे नाव आले. मनुष्याशी तिची ओळख फार जुनी आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली सापडली, तेव्हा तीत सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी ठेवलेले धनेही मिळाले.

धने हे कोथिंबिरीचे बी, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते तिचे फळ होय. त्याच्या दोन फाकांत एकेक बी असते. म्हणून शेतकरी पेरणीपूर्वी धने हलकेच रगडून फोडतो. सुमारे चाळीस दिवसांत पाला काढणीस येतो. रोप तसेच ठेवले, तर त्यावर छत्रीच्या आकाराचे पांढरे तुरे येतात आणि तीन-चार महिन्यांत धने पिकतात.

पाल्याचा सुवास त्यातील तेलामुळे येतो. हे तेल उष्णतेने चटकन उडून जाते. म्हणूनच आमटी, झुणका किंवा पोहे चुलीवरून उतरविल्यावर त्यांवर कोथिंबीर घालतात. धन्यांचे मात्र उलट आहे. ते मंद आचेवर भाजले, की त्यांचा वास खुलतो. म्हणून मसाल्यात भाजलेलेच धने कुटतात. कोवळे देठही वाया जात नाहीत. ते वाटणात घालतात. बेसनात कालवून, उकडून व तळून केलेली कोथिंबीर-वडी तर सर्वांच्याच आवडीची.

एवढे गुण असूनही हे पीक शेतकऱ्याची कसोटी पाहते. धान्य कणगीत ठेवता येते. कोथिंबीर दुसऱ्याच दिवशी सुकते. बाजारात आवक वाढली, की भाव कोसळतो आणि काढणीची मजुरीही निघत नाही. उन्हाळ्यात रोप लवकर फुलावर येते, अतिवृष्टीत पाला सडतो; मग तीच जुडी महाग होते.

भाजी घेताना ‘वर चार काड्या कोथिंबीर’ फुकट मागण्याची रीत आहे. त्या चार काड्यांमागे कोणाची तरी चाळीस दिवसांची राखण असते, हे मागणाऱ्याने विसरू नये.